बापाच्या वावरातलं घर

गोदाई नगरी, नांदगाव पेठ रोड, अमरावती
१३ नोव्हेंबर २०२२

दीपे,

जयभीम अन् रामराम, दोन्ही. सामान पोचलं, मी पोचली. लोनच्याची बरनी सोडली तं काही फुटलं नाई. तुले फोनवर ऐकू येत नाई अन् मोबाइलचे बारीक अक्षरं तू वाचत नाई, म्हनून हे पत्र. तूच म्हनली होती, लिहीत जा, शुद्धलेखन मी पाहून घेईन. मंग घे आता पाहून.

दीपे, घर पाहून तुहा जीव निवेल. दोन खोल्या, सयपाकघर, दारापुढं बसाले काळ्या दगडाचा ओटा, मांगं जरासं आंगन. आपलं घर ज्या जागी उभं हाये ना, तिथी बाबा कापसाची पऱ्हाटी लावे. मी अन् ललित वावराच्या कडेले धुऱ्यावर बसून बोरं खावो. आता त्याच जागी डांबरी रस्ता, लाइटचे खांब, मोठ्ठं गेट. ललितनं नगरीले मायचं नाव देलं, गोदाबाईची गोदाई. पाटी पाहून मले रडूच आलं.

ललितनं पेढा भरवला. म्हने, "ताई, बापाच्या वावरात घर भेटून राहिलं तुले, अजून काय पायजे?" त्याच्या लग्नाच्या आंधी मी हक्कसोडीवर सही करून देल्ती, ते त्याच्या ध्यानात हाये असं वाटलं. बरं वाटलं मले.

एक गोष्ट तुले नीट सांगतली नव्हती. घर आपलं, पन खालची जमीन पट्ट्यानं हाये. ललितले बाबाची जमीन इकायची नव्हती. म्हनून त्यानं अन् बिल्डरनं सगळेच घरं तीस वर्साच्या पट्ट्यानं देले. दरसाल ललितले भुईभाडं द्यायचं, मुदत संपली का वाढवून घ्यायची. मी म्हटलं, बापा, तवा मी कुठं अन् तू कुठं! तो हासला. म्हने, "सख्ख्या बहिनीले मी बाहेर काढीन काय?"

उगवतीची खोली तुही. सकाळी उन्ह थेट भितीवर येते, तिथी तुह्या पुस्तकायच्या फळ्या मारू. मी पडदे शिवाले घेतले. दुकान बंद केलं तरी मशीन काही हातातून सुटत नाई. मे महिन्यात तू रिटायर झाली का ये. मंग कोन्या घरमालकिनीचं तोंड पाहाचं काम नाई.

तुही,
आरती

◆

जठारपेठ, अकोला
२० नोव्हेंबर २०२२

आरती,

जयभीम आणि रामराम.

शुद्धलेखन पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उत्तर द्यायला नाताळ उजाडला असता. वर्गातल्या पोरांना तुझं पत्र दाखवलं तर ती मलाच म्हणतील, मॅडम, आमचं काय चुकतं मग?

घराचं वाचून छान वाटलं. धुऱ्यावरची बोरं तर डोळ्यांसमोर आली. पण पट्ट्याच्या ओळीवर मी थांबले, पुढचं वाचून पुन्हा मागे आले. पट्ट्याचं घर म्हणजे लांब मुदतीचं भाड्याचं घर, आरती. आपण भाड्यातून सुटायला निघालो होतो.

इथे येण्याआधीची ती घरमालकीण आठवते ना? चहा दिला, बिस्किटं दिली, "तुमी दोघी बहिनी का?" विचारलं. मग माझं आडनाव विचारलं आणि म्हणाली, "अय्या, खोली तं कालच गेली." रस्त्यात तू तिला अशा शिव्या दिल्यास की मला हसू आवरेना. त्या दिवशी ठरवलं होतं आपण, दोघींचं एक घर घ्यायचं, कुणी आडनाव विचारणार नाही असं. माझ्या भविष्य निर्वाह निधीतले जवळजवळ सगळे पैसे त्या भिंतींत गेले आहेत. जितके तुझे, तितकेच माझे.

म्हणून तीन गोष्टी विचारते. करारात माझं नाव घातलंस का? त्या घरात कोणी राहावं, कोणी राहू नये, असं काही लिहिलं आहे का? आणि पुढे विकायचं झालं तर आपल्याला विकता येईल का? कराराची एक प्रत मला पाठव. तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तुझ्या भावाला मात्र मी दोनदाच भेटले आहे.

पडद्यांना फुलं नकोत. साधा रंग घे.

तुझी,
दीपमाला

◆

अमरावती
८ जानेवारी २०२३

दीपे,

पत्राले उशीर झाला. थंडीनं बोटं आखडतात अन् इकडं पाहुन्याराउळ्याचं चालूच राह्यते. आधी नितेशसाठी पोरगी पाहाले गेलो, मंग ते लोक घर पाहाले आले. नितेश म्हंजे ललितचा पोरगा, तुले मालूमच हाये. पोरगी चांगली हाये, आकांक्षा नाव.

कराराची प्रत ललितच्या कपाटात हाये. मांगतो म्हनली का म्हन्ते, "ताई, तुले काय कराचे कागदं?" त्याच्या जवळ असले काय अन् माह्या जवळ असले काय, सारखंच. तुहं नाव मांगून घालता येते म्हने. सध्या एकाच नावानं झालं. घाई होती तवा.

भुईभाडं भरलं. बगिच्याच्या देखभालीचे अलग मांगतले. बगिचा अजून झाला नाई, पन झाल्यावर लागतीनच म्हने.

मैना, म्हंजे माही भावजय, पर्वा येऊन गेली. सगळं घर पाह्यलं. तुह्या खोलीत पलंग पाहून म्हने, "हे कोनासाठी वं ताई?" मी म्हटलं, माही मैत्रीन येनार हाये. चाहा पेली अन् गेली.

अजून एक. राग नको मानू. टपाल इथी गेटवर ठेवतात, कोनाचं कोनाकून आलं ते येनारा-जानारा पाह्यते. तं पाकिटाच्या मांगं पुरं नाव नको लिहू. नुसतं दीपा लिहिलं तरी मले समजते. काही खास नाई, लोकायले रिकामे कामं हायेत.

पडदे साधेच शिवले. फिक्कट हिरवे.

आरती

◆

जठारपेठ, अकोला
२९ जानेवारी २०२३

आरती,

पाकिटामागे नुसतं दीपा लिहिलं आहे. इतकी वर्षं हजेरीपटावर पूर्ण नावानं सही करत आले. तुझ्यासाठी हेही केलं. पण पोस्टातून परतताना वाटेत मी थांबले आणि स्वतःलाच विचारलं, हे मी काय केलं?

प्रत मिळाली नाही. तीनपैकी एकाच प्रश्नाचं उत्तर मिळालं, तेही अर्धं.

शाळेत माझ्या निरोपाची तयारी आत्तापासून चालू आहे. सातवीतली मुलं माझ्यासमोर मुद्दाम मोठ्यानं बोलतात आणि पाठ वळली की कुजबुजतात. त्यांना वाटतं, कुजबूज मला कळत नाही. ऐकू येत नाही हे खरं. पण चेहरे वाचता येतात.

मला घर पाहायचं आहे. २६ फेब्रुवारीच्या रविवारी येते. सकाळची बस धरीन, एक मुक्काम करीन. माझ्या खोलीत निजेन. काही आणायचं असेल तर कळव.

दीपमाला

◆

अमरावती
१९ फेब्रुवारी २०२३

दीपे,

अवो त्याच दिवशी नितेशचं साक्षगंध हाये! पोरीकडचे वीसएक मानसं येऊन राहिले अन् त्यायचं उतरायचं माह्याच घरी ठरलं. तुह्या खोलीत पोरीचे मामा-मामी राह्यतीन. मी सयपाकघरात निजीन. तू आली तं तुले टेकाले जागा नाई भेटनार, अन् एवढ्या कलकल्यात तुहं डोकं उठीन.

मंग मार्चात मैनाच्या गुडघ्याचं ऑपरेशन हाये, मीच लागतो तिच्यापाशी. तू आता एकदाच ये, सामानासकट. घाई काहून करतं? घर कुठं पळून जाते?

इथी संध्याकाळी चांगलं वारं सुटते. बाया गेटपाशी बाकड्यावर बसतात. मी बसतो कधी कधी. एक बाई म्हने, इथी कसं सगळे आपलेच लोक हायेत, बरं वाटते. मी मान हलवली.

मले रात्री गमत नाई, दीपे. तुह्या खोकल्याची सवय झाली होती.

आरती

◆

जठारपेठ, अकोला
९ एप्रिल २०२३

आरती,

घरमालकांचा मुलगा आला होता. ही इमारत पाडून इथे दुकानं काढायची आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात खोल्या मोकळ्या करून हव्यात. चांगला बोलला बिचारा. त्याला म्हटलं, काळजी करू नका, आमचं स्वतःचं घर झालं आहे अमरावतीला.

एकतीस मे रोजी मी निवृत्त होते. दोन जूनला टेम्पो ठरवला आहे. पुस्तकांची खोकी बांधली. तुझा जुना पाटा वाण्याला देत होते, पण मग ठेवला.

आता सरळ विचारते. बावीस वर्षं एका घरात राहिलो, आरती. तुला खोटं बोलायचं असलं की तू फार बोलतेस. पाहुणे, गुडघा, बगिचा, वारं. आणि त्या बाकड्यावरच्या बाईला तू मान हलवलीस, ते मला लिहून कळवलंस. म्हणजे तुला सांगायचं आहे आणि सांगता येत नाही.

एका ओळीत उत्तर दे. मी त्या घरात राहू शकते की नाही?

दीपमाला

◆

अमरावती
३० एप्रिल २०२३

दीपे,

एका ओळीत नाई जमत मले.

रजिस्ट्रीच्या दिवशी ललितनं इचारलं, ताई, घरात कोन कोन राहीन? मी म्हटलं, मी एकटी. तुहं नाव घेतलं असतं तं त्यानं घरच देलं नसतं, हे मले तिथी बसल्या बसल्या समजलं. वाटलं, एकदा घर होऊन जाऊ दे, मंग पाहू. करारात असं हाये का ज्याचं नाव हाये तो, अन् त्याच्या रक्ताचे. बाकी कोनाले कायम ठेवाचं असलं तं जमीनमालकाची लेखी मंजुरी लागते. जमीनमालक ललित. इकाचं असलं तरी त्याची मंजुरी. भाड्यानं द्याले अन् त्याले न सांगता दुसऱ्याचे पैसे घालाले बंदीच. अन् अट मोडली तं पट्टा रद्द. मी मेली अन् पोटचं कोनी नसलं तं घर वापस त्याच्याकडं. हे सगळं मी सही केल्यावर वाचलं.

तुहं पत्र आल्यावर मी त्याच्या घरी गेली. म्हटलं, ललित, दीपमाला माह्यासंग बावीस वर्सं राहिली. मी तापानं फनफनली होती तवा तू आला नव्हता, तिनं पाय चेपले माहे. तिले राहू दे.

तो मान खाली घालून बसला. म्हने, "ताई, माह्या मनात काही नाई. मॅडम मले मायसारख्या. पन अर्धे घरं अजून खाली हायेत. गिऱ्हाईक आलं का पह्यले इचारते, आजूबाजूले कोन राह्यते? मी काय सांगू?"

मी रडली तवा मैनानं मार्ग काढला. म्हने, करारात घरकामाच्या बाईले मनाई नाई. गेटच्या रजिस्टरात कामवाली म्हनून नाव टाकून देऊ, राहो मंग खुशाल चोवीस तास. ललितही हो म्हनला. दीपे, मले तं हायसं वाटलं! नुसतं कागदावर हाये. घरात तू तुही राह्यशीन, मी माही. कोनी आलं-गेलं तं तेवढा वेळ सयपाकघरात बसजो, बस. अन् गेटमधून येता-जाता साडी जराशी साधी घालजो. तुह्या खोलीतला पलंग मी काढत नाई, सतरंजी आंथरून ठेवतो, कोनी पाह्यलं तं सामानाची खोली सांगीन.

लोकाच्या तोंडापाई आपलं घर काहून सोडाचं? इचार करून पाह्य. रागात नको लिहू.

तुहीच,
आरती

◆

जठारपेठ, अकोला
७ मे २०२३

आरती,

माझी आई चार घरची धुणीभांडी करायची, तुला ठाऊक आहे. तिच्या त्या पैशांवर मी डी.एड. झाले. कामवाली म्हणवून घ्यायची मला लाज नाही. तू ते पत्र लिहिताना एकदाही थांबली नाहीस, त्याची लाज वाटते. साडीपर्यंत पोचलीस तू.

मी दोन जूनला येते. दीपमाला तायडे म्हणून येते, सेवानिवृत्त शिक्षिका, त्या घराच्या अर्ध्या पैशाची मालकीण. रजिस्टरात हेच लिहीन. पाकिटामागेही आज पूर्ण नाव आहे.

तू फक्त गेटपर्यंत ये आणि मला आत घेऊन जा. बाकीचं काहीच मागत नाही. तुझा भाऊ नोटीस देईल तर देऊ दे, वकील बघू, कोर्ट बघू, दोघी मिळून भांडू. घर गेलं तरी चालेल मला. पण गेटपर्यंत ये.

दीपमाला

◆

द्वारा इंदूबाई, कौलखेड, अकोला
६ जून २०२३

आरती,

तुझं उत्तर आलं नाही, त्याचा अर्थ मी हो असा घेतला. चूक माझी.

काय झालं ते तुला माहीत आहे, तरी माझ्या बाजूनं लिहिते. टेम्पो गेटपाशी थांबला. ऊन चढलं होतं. तुमचे वॉचमन सहदेवकाका चांगले आहेत, मला खुर्ची दिली, पाणी दिलं. रजिस्टरात मी नाव लिहिलं. त्यांनी आतल्या फोनवरून तुला लावलं. तू ओट्यावर होतीस. गेटपासून तुझा ओटा दिसतो, हे तू कधी लिहिलं नव्हतंस. निळी साडी, हातात ट्रे. तू आत गेलीस, फोन घेतलास.

काकांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे न पाहता काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, मोठ्यानं सांगा. ते बिचारे ओरडले, "ताई म्हन्तेत, घरी पाहुने हायेत, कामवालीले म्हना उद्या ये!" बाकड्यावरच्या बाया वळून पाहायला लागल्या.

तू पुन्हा ओट्यावर आलीस. माझ्याकडे पाहिलंस. मग ट्रे घेऊन आत गेलीस.

टेम्पोवाला म्हणाला, मॅडम, माल कुठं उतरवू? मी म्हटलं, वापस. बडनेऱ्याला त्यानं न सांगता चहा आणून दिला. मी रडेन असं त्याला वाटत होतं. मी रडले नाही. सगळ्या वाटेनं एकच डोक्यात होतं, की आता कुठे जायचं. जठारपेठेतल्या खोल्या सोडून आले होते, पेन्शन अजून सुरू झालेली नाही, आणि साठवलेलं सगळं त्या ओट्यात होतं जिथे तू चहा देत होतीस.

शाळेतल्या इंदूबाईंनी ठेवून घेतलं आहे. त्यांची सून चांगली आहे, पण घर लहान. पुस्तकं गॅलरीत आहेत, वर प्लास्टिक टाकलं.

माझे पैसे मला परत कर. दुसरं काही बोलायचं नाही.

दीपमाला तायडे

◆

अमरावती
२५ जून २०२३

दीपे,

मैनाच्या अन् आकांक्षाच्या मायच्या मधात मी उभी होती. फोन वाजला तवा मैना माह्याकडंच पाहून राहिली होती. तोंडातून निघून गेलं. मी असं बोलनार हाये हे मले मालूमच नव्हतं. पाहुने गेल्यावर मी गेटवर पळत आली, इचार सहदेवकाकाले. तू गेल्ती.

पैसे कुठून देऊ? ललितले म्हटलं, घर इकून टाकतो. तो म्हने, मले गिऱ्हाईक पसंत पडलं तं मंजुरी देईन. दोन जनं आले, दोघायले नाई म्हनला. बँकवाला म्हने, मालकाच्या मंजुरीबिगर अन् जमीन तुमची नसतानी या घरावर कर्ज भेटत नाई. माहे दागिने तं घरातच गेले.

मी इथी सुखात हाये असं नको समजू. तुहे हिरवे पडदे लावले नाई, पेटीत हायेत.

मले दोन ओळी लिह्य. शिव्या दे, पन लिह्य.

आरती

◆

अमरावती
५ नोव्हेंबर २०२३

दीपे,

पाच महिने झाले, तुहं पत्र नाई. मी इंदूबाईच्या पत्त्यावर दोन पत्रं टाकली, पोचली का नाई देव जाने.

आज खूशखबर लिहून राहिली. ललित नरमला! नितेशचं लग्न झालं तवापासून त्याचं मन मऊ झालं असन. काल सोताहून आला, माह्या हातचं खाल्लं. म्हने, "ताई, मॅडमसंग बरं नाई झालं. त्यायचे पैसे अडकले, हे मले खाते. त्यायचा पत्ता दे, मी सोता जाऊन त्यायले भेटतो अन् त्यायचा हिसाब करून टाकतो." मले भरून आलं. शेवटी एका मायचे लेकरं हावो आमी.

मी पत्ता देला. तो आला तं त्याच्यासंग चांगलं बोलजो, जुनं काढू नको. त्याचं मन पाघळलं हाये तं हळूहळू बाकीचंही होईन. नाव चढवाचं मी आत्ताच नाई काढलं, पन दिवाळी झाल्यावर काढतो. उन्हाळ्यापर्यंत तू इथी असशीन, पाह्यजो.

अनारसे पाठवू काय?

तुही,
आरती

◆

कौलखेड, अकोला
३ डिसेंबर २०२३

आरती,

तुझी सगळी पत्रं पोचली. उत्तर द्यायचं नव्हतं.

तुझा भाऊ दिवाळीनंतर आला. मिठाईचा डबा आणला. इंदूबाईंच्या ओसरीत बसला आणि मला मॅडम मॅडम म्हणत राहिला, मोठ्यानं, मला ऐकू जावं म्हणून. माझे पैसे तो द्यायला तयार होता, सगळे. त्याच्या बदल्यात मी एक लिहून द्यायचं. आरतीनं घर घेताना जमीनमालकापासून लपवून माझे पैसे घातले, आणि मालकाची मंजुरी नसताना मला कायमचं राहायला बोलावलं. दोन्ही खरं आहे. दोन्हीनं अट मोडते. अट मोडली की पट्टा रद्द, आणि रद्द झालेल्या घराचा पैसा तुला परत मिळत नाही. हे त्यानं मला लपवलं नाही. नितेशला वेगळं घर हवं आहे, सुनेला सासूजवळ राहायचं नाही. त्याला तुझं पुरं घर अर्ध्या किमतीत पडतं.

मी विचारलं, आरती कुठे जाईल?

म्हणाला, "ताई आमचीच हाये. घरी ठेवू. मैनाचा गुडघा असा, सयपाकाले हात लागतेच."

तुला वाटेल मी रागाच्या भरात केलं. तसं नाही. तुझं पाच नोव्हेंबरचं पत्र माझ्या उशाशी होतं. त्यात अनारसे होते, दिवाळी होती, तुझ्या भावाचं मऊ झालेलं मन होतं. गेटचा एक शब्द नव्हता. तू विसरलीस, आरती. मी इथे इंदूबाईंच्या नातवंडांच्या पायात पाय घालून निजत होते आणि तू विसरूनही गेलीस. मला म्हणालीस, जुनं काढू नको.

त्यानं लिहून आणलेला कागद चुकांनी भरलेला होता. मी तो फाडला आणि माझ्या हातानं नवा लिहिला. सही केली. पैसे जमा झाले आहेत.

नोटीस येईल तुला. वकिलाकडे जाऊ नकोस, उपयोग नाही, मी विचारलं.

दीपमाला

◆

अमरावती
२ मार्च २०२४

दीपमाला,

मी आता ललितच्या घरी हाये, मांगच्या खोलीत. नोटीस आली तवा मले वाटलं कोन्या दुसऱ्याची हाये, सहदेवकाकाले वापस देत होती. ललितनं आवाज नाई चढवला. म्हने, "ताई, कायद्यापुढं मी काय करू?" नितेश अन् आकांक्षा तिथी राह्याले गेले. पोरगी गोड हाये. म्हने, आत्या, तुमी हातानं बसवलेली मशीन इथीच राहू द्या, मले शिकवा.

सकाळी चाहा, मंग मैनाचं तेल-पानी, मंग सयपाक. कोनी काही बोलत नाई मले. हेच वाईट हाये का कोनी काहीच बोलत नाई. पाहुने आले का मैना म्हन्ते, "आमच्या ननंदबाई हायेत, आमीच ठेवून घेतलं." मी हासतो.

तू जे लिहून देलं ते ललितनं मले दाखवलं. तुहं अक्षर. बावीस वर्सं वान्याच्या यादीवर पाह्यलेलं. एक अक्षरही खोटं नव्हतं. मी वाचलं अन् मले पह्यल्यांदा समजलं का ओट्यावरून आत जातानी मी काय केलं. तुहं म्हननं खरं हाये, मी इसरली होती. इसरल्याबिगर त्या घरात राह्यता येत नव्हतं.

इंदूबाईच्या सुनेकून समजलं, तू खोली घेतली. मले तिथी येऊ दे. मी खाली निजीन. शिलाईचे काम घेईन, खर्च माहा मी करीन. तू बोलली नाई तरी चालन. मी अमरावतीले नाई राहू शकत आता, दीपे. इथी मले सगळे आपलेच हायेत.

हो म्हनजो.

आरती

◆

अकोला
१७ मार्च २०२४

आरती,

पत्र मिळालं.

खोली घेतली हे खरं. लहान आहे, दुसऱ्या मजल्यावर. जुनी इमारत. जमिनीत जेवढा वाटा येतो तेवढा माझ्या नावानं आहे, ते आधी तपासून घेतलं. पुस्तकं लावून झाली. कागद करताना वकिलांनी विचारलं, सोबत आणखी कुणाचं नाव घालायचं का? मी नाही म्हटलं.

तुझ्या भावाच्या घरी तुझे हाल आहेत, ते कळलं. मी सही केली तेव्हा हेच होणार हे मला ठाऊक होतं. मला त्याचा आनंद झाला नाही, आणि पश्चात्तापही होत नाही. कधी कधी भाजी जास्त होते, एवढंच. दोघींचा अंदाज हातातून जात नाही.

तू दारात येऊन उभी राहिलीस तर मी तुला आत घेईन. मला माझी खात्री आहे. ताट वाढीन, अंथरूण घालीन, आणि मग रोज सकाळी तुझं तोंड पाहीन.

म्हणून आधीच कळवते. येऊ नकोस.

दीपमाला